होडीवाल्याची टिक

आतल्या खोलीत कट् असा आवाज झाला. लहानसाच, नखानं टेबलावर टिचकी मारावी तेवढा. पण दुपारची वेळ होती. पंखा बंद होता, कारण त्याच्या कुरकुरीनं धाकटा जागा होतो, आणि धाकट्यानं माझ्या डाव्या दंडावर नुकतंच डोकं टाकलं होतं. घर इतकं गप्प होतं की मला माउस ओळखू आला. एकदा कट्. जरा थांबून पुन्हा कट्.

"कोण आहे?" मी ओठातल्या ओठात विचारलं.

उत्तर आलं नाही. आमच्या घरात उत्तर न येण्यावरून काहीच ठरवता येत नाही. थोरली, जिला सगळे भिंगरी म्हणतात, उद्योग करत असली की उत्तर देत नाही. धाकट्याला अजून बोलता येत नाही. सासऱ्यांना आता बोलता येत नाही. उरले मी, आणि विचारणारी मीच होते.

उठून बघावं असं मनात आलं. पण दंड काढून घेतला की धाकटा जागा होणार, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात कुणी सुखानं बसणार नाही. भिंगरीच असणार, असं ठरवून मी डोळे मिटले. दंडाला मुंग्या आल्या होत्या. त्या तेवढ्या येऊ दिल्या.

सासऱ्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. ते बसस्थानकावर उद्घोषक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, कोणती रद्द झाली, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत येऊन पडली आहे, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. आवाज असा की गाडीला उशीर होणार असल्याचं त्यांनी सांगितलं तर लोकांना ती वेळेवर आल्यासारखं वाटायचं. बोलण्याआधी ते एकदा घसा खाकरायचे. ते खाकरणं ऐकलं की अख्खं स्थानक आपापलं सामान उचलायचं.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

"मग बोलायचं कशानं?" अण्णांनी विचारलं.

"दुसऱ्या पद्धतीनं बोलायला शिकता येतं."

"बोलायला मी एकदा शिकलोय," अण्णा म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण लावून उठले.

दुसऱ्या एखाद्या मुलानं वडिलांचा आवाज फोनमध्ये साठवून ठेवला असता. माझ्या नवऱ्यानं तो गेममध्ये घातला. तो पवनचक्क्या दुरुस्त करतो. उंचावर एकटाच असतो, त्यामुळे त्याला सुचतं ते कुणी अडवत नाही. ऑपरेशनच्या आधी तो सुट्टी काढून आला, वडिलांशी त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना रजयांच्या कपाटात बसवलं. रजयांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. अण्णा गुडघे पोटाशी घेऊन बसले, मांडीवर माइक.

गेम साधा आहे. एक बेट, त्यावर एक गाव, मध्ये नदी. शेत करायचं, मासे पकडायचे, कोंबड्या पाळायच्या, होडीतून पलीकडे जायचं. तयार गेममध्ये लोक आपापल्या घरून काहीबाही घुसडतात, त्याला मॉड म्हणतात. कुणी कोंबड्यांना चष्मे घालतं, कुणी पावसाचा रंग बदलतं. अशी पुष्कळ मॉड झाली की ती एकमेकांच्या पायात येतात, म्हणून त्यांच्यावर एक मुकादम ठेवावा लागतो. तो मॉड मॅनेजर. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, कुणी कुणाच्या मागे उभं राहायचं, हे तो बघतो.

मूळ गेममधला होडीवाला नुसता "जायचंय?" एवढंच विचारायचा, तेही अक्षरांत. नवऱ्यानं तेच कागदावर लिहून अण्णांच्या हातात दिलं.

"असं विचारतात का माणसाला?" कपाटातून आवाज आला. "होडीवाला आहे की दरोडेखोर?"

"अण्णा, गेममध्ये तेवढंच आहे."

"मग गेम चुकलाय."

आणि त्यांनी आपलं आपण बोलायला सुरुवात केली. घसा खाकरून म्हणाले, "चला, बसा. घाई नको. होडी तुम्हाला सोडून कुठे जात नाही." मग म्हणाले, "छत्री घेतलीत ना? मागच्या खेपेला विसरलात." मग, "पाणी शांत आहे. कालही होतं." शेवटी जरा थांबून, "हात आत, भिंगरे." ते खाकरणं कापून टाकू का, असं नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, कापलास तर तुलाच कपाटात कोंडून ठेवीन.

ऑपरेशन झालं. अण्णा गळ्याला पांढरं फडकं बांधून घरी आले. हॉस्पिटलनं गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून निघालेला आवाज ऐकून भिंगरी टेबलाखाली जाऊन बसली. अण्णांनी यंत्र बंद केलं, पुसलं, डब्यात घातलं आणि खणात ठेवलं. त्याच्या बॅटऱ्या पुढे धाकट्याच्या नाचणाऱ्या अस्वलाला लागल्या. तेव्हापासून अण्णा बोटातल्या अंगठीनं टेबलावर वाजवतात. एक टक् म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्याहून जास्त काही सांगायचं असेल तर पाटी.

भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकून गेमला बसायची आणि होडीतून पलीकडे जायची. पलीकडे तिचं काही काम नसे. पोचली की लगेच परत. "चला, बसा," होडीवाला म्हणायचा, आणि ती बसायची. "छत्री घेतलीत ना?" "घेतली, आजोबा," ती उत्तर द्यायची, स्क्रीनकडे बघत. अण्णा मागे आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले असायचे. मला ते दृश्य फार आवडायचं. एकाच खोलीत दोन दोन आजोबा, आणि मला तेवढ्यात कपड्यांच्या घड्या करता यायच्या.

माउसचा आवाज झाला त्याच दिवशी, संध्याकाळी, होडीवाला मुका झाला.

"आई, आजोबा बोलत नाहीयेत."

"ते आता बोलत नाहीत, राणी."

"हे नाही गं. ते."

मी जाऊन पाहिलं. होडीवाला काठावर उभा होता. तोंड हलत होतं. आवाज नव्हता. डोक्यावर अक्षरं तरंगत होती: जायचंय?

आणि कोपऱ्यात पाटी झळकत होती की गेमचं नवं अपडेट आलेलं आहे. म्हणजे चोर सापडला. मी नवऱ्याला फोन लावला. त्याचं असं आहे की तो वर असतो तेव्हा रेंज असते पण बोलता येत नाही, आणि खाली असतो तेव्हा बोलता येतं पण रेंज नसते. त्या दिवशी कसा कोण जाणे मध्येच सापडला.

"अरे, होडीवाला मुका झालाय."

"काय झालाय?"

"मुका. तोंड हलतं, आवाज नाही."

पलीकडे नुसता वारा. मग म्हणाला, "अपडेट आलं होतं का?"

"आलंय."

"मग त्यानंच घोटाळा केलाय. मॉड मॅनेजर उघड. डावीकडे सगळ्या मॉडची नावं दिसतील. ज्यांच्यापुढे टिक आहे ते चालू. ज्यांच्यापुढे टिक नाही ते माझे जुने प्रयोग, त्यांना अजिबात हात लावू नकोस. आणि दोन मॉड एकाच गोष्टीवरून भांडायला लागले तर खालचा जिंकतो."

"खालचा जिंकतो?"

"हो. म्हणजे नंतरचा. तो वरच्याच्या डोक्यावर बसतो."

"तुमच्या घरात असं कधी झालेलं मी तरी बघितलं नाही."

"अगं, रेंज जातेय," तो म्हणाला, आणि रेंज गेली.

धाकटा झोपला की मी मुकादमाकडे जाऊन बसू लागले. घरातली कामं होती तशीच पडून राहिली. एका बाजूला भांडी, एका बाजूला मी. नवऱ्यानं नावं ठेवली होती ती अशी: हो_नवं, हो_नवं२, हो_शेवटचं, हो_शेवटचं_खरंच, हो_हेच. एकापुढेही टिक नव्हती. म्हणजे हे त्याचे जुने प्रयोग. मी त्यांना अजिबात हात लावला नाही. मला नवऱ्याचं एवढं ऐकण्याची सवय नाही, आणि ऐकलं की हे असं होतं.

टिक असलेल्यांत एक गाव_आवाज म्हणून होता. हाच अण्णांचा, असं मी धरून चालले. तो वर कुठेतरी दबला होता. मी त्याला बाणानं ढकलत ढकलत तळाशी नेला, 'लागू करा'चं बटण दाबलं आणि भिंगरीला हाक मारली. होडीवाला गप्पच होता. पोस्टमन मात्र कोंबडीसारखा बोलायला लागला. गाव_आवाज हा कोंबड्यांचा होता.

"पोस्टमनकाकांना बरं नाही का?" भिंगरीनं विचारलं.

"घसा बसलाय."

"त्यांचंही ऑपरेशन करणार?"

मी गाव_आवाज मुकाट्यानं पुन्हा वर नेऊन ठेवला.

मग इंटरनेटवर मला एक संच सापडला. त्यात गावातल्या सगळ्या मुक्या माणसांना आवाज दिलेला होता. कुणी परक्या माणसानं फुकट वाटायला ठेवला होता आणि खाली लोकांनी त्याचे आभार मानले होते. मी तो उतरवून घेतला. मुकादमानं विचारलं, याचं आणि अजून चौघांचं भांडण आहे, कोण जिंकावं? मी म्हटलं, हा जिंकू दे. होडीवाला बोलायला लागला. एका वयस्कर बाईच्या आवाजात, मला न कळणाऱ्या भाषेत, बरीच रागावून. शिवाय शेतातली गाय आकाशात गेली.

"या कोण आजी?" भिंगरी म्हणाली.

"होडीवालीण आहे."

"आजोबा कुठे गेले?"

"येतील."

"कधी?"

"अपडेट नीट झालं की."

मागे आरामखुर्चीत अण्णा होते. वर्तमानपत्र त्यांनी नेहमीपेक्षा जरा उंच धरलं होतं. मी घड्या संपवून उठले तरी त्यांनी पान उलटलं नव्हतं. त्या पानावर सगळ्या टायरच्या जाहिराती होत्या.

मुकादमाचा एक गुण चांगला की आत घेतलेला माणूस निमूटपणे बाहेर काढता येतो. बाई गेल्या. गाय राहिली. ती गावावर सावली धरून तरंगत असायची. भिंगरीनं तिचं नावही ठेवलं आणि आम्हाला सगळ्यांना तिची सवय झाली.

मी हरले असं नवऱ्याला कळवलं, आणि त्यानं मागितला म्हणून मुकादमाच्या खिडकीचा फोटो पाठवला. तो पवनचक्कीच्या कोणत्या मजल्यावर होता देव जाणे, पण त्याचा लगेच फोन आला.

"अगं, होडीवाला बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"हो_हेच. हो म्हणजे होडीवाला. तेच तर अण्णांचं. त्याची टिक निघालीये."

"तू म्हणालास टिक नसलेल्यांना हात लावायचा नाही."

"हो, पण याला टिक होती. अपडेटनं काढली असेल." मग थांबला. "नाही. अपडेट टिक काढत नाही. टिक माणूस काढतो."

"मी नाही काढली."

"मी तर इथे आहे."

वारा तेवढा बोलत होता.

मी भिंगरीला समोर उभं केलं. "त्या दिवशी दुपारी तू माउसला हात लावलास?"

"कुठल्या?"

"होडीवाला मुका झाला त्या दिवशी. मला आवाज आला होता."

"मी मावशीकडे होते. बटणं लावत."

मावशी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या. भिंगरीचं खोटं पकडायला मी धाकट्याला काखेत मारून खाली गेले. मावशींनी मशीन थांबवलं नाही.

"होती की. शाळेतून आली ती इथेच. सगळी बटणं लावली गुणाच्या पोरीनं."

"बघ," भिंगरी मागून म्हणाली.

"उलटी लावली," मावशी म्हणाल्या. "बसून उसवली मी. पण होती इथेच. का गं, काही हरवलं का?"

"नाही, काही नाही."

जिना चढताना मी हिशेब केला. त्या दुपारी धाकटा माझ्या दंडावर होता. भिंगरी बटणांपाशी. नवरा वाऱ्यात. माणसं मोजायला बोटंसुद्धा लागत नव्हती.

अण्णा गॅलरीत बसून भिंगरीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होते. दाभणात दोरा ओवून झाला, तोवर मी दारात उभी राहिले. त्यांच्या गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर आत-बाहेर होत होतं. सकाळीच मी ते इस्त्री केलं होतं.

"अण्णा, होडीवाल्याची टिक तुम्ही काढलीत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. दाभण पट्ट्यातून आरपार काढलं. मग कठड्यावर अंगठी वाजली. एक टक्.

"का?"

याला टक् पुरत नाही. त्यांनी दप्तर बाजूला ठेवलं, पाटी मांडीवर घेतली आणि सावकाश, फलकावर गाड्यांची नावं लिहावीत तसं ठसठशीत लिहिलं. माझ्याकडे वळवली. पाटीवर होतं:

मी भिंगरीशेजारी बसून तिला हाक मारायला टेबल वाजवलं. ती म्हणाली, थांबा, आजोबा बोलतायत.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. अण्णांनी पाटी परत घेतली, बाहीनं पुसली आणि पट्टा शिवायला लागले. टाके अगदी सारखे येत होते.

नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅनेजरमध्ये दोन प्रोफाइल करता येतात. एकात आवाज चालू, एकात बंद. हवं ते उघडायचं."

"आणि अण्णा कोणत्या प्रोफाइलमध्ये बसणार?"

"वारा वाढलाय गं," तो म्हणाला. "उतरायला हवं."

मी टिक लावली नाही. एका बोटाचं काम होतं. धाकटा झोपला की मी मुकादमाची खिडकी उघडायची, हो_हेच कडे बघायची आणि बंद करायची. लावली तर अण्णा पुन्हा पेपर उंच धरणार. नाही लावली तर ज्या घशानं अख्खं स्थानक उभं केलं तो आमच्या घरात कुणाच्या कानावर पडणार नाही, आणि भिंगरी इतकी लहान आहे की ती विसरून जाईल. कसा होता आजोबांचा आवाज, असं तिला कुणी विचारलं तर तिला ती रागावलेली बाई आठवेल. मी भांडी घासायला जायची.

भिंगरीनं माझी वाट पाहिली नाही. एके दिवशी शाळेतून आल्यावर तिनं कपड्यांची मोठी टोपली रिकामी केली, कपडे जमिनीवर, टोपली खोलीच्या मधोमध. आत उभी राहिली. हातात केरसुणी.

"आजोबा, या. होडी आहे."

अण्णा आरामखुर्चीतून उठले आणि टोपलीसमोरच्या पाटावर येऊन बसले. टोपलीत त्यांना जागा नव्हती. मी दारात धाकट्याला खांद्यावर थोपटत उभी होते. धुतलेल्या कपड्यांबद्दल मी काही बोलले नाही.

भिंगरीनं घसा खाकरला. चांगला, मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. "चला, बसा. घाई करा. होडी चालली."

टक् टक्.

"काय नाही?"

अण्णांनी पुन्हा वाजवलं. टक् टक्. माझ्या लक्षात आलं की ते खरोखरच दुखावले गेले आहेत. प्रवाशाला घाई करायला लावणारा उद्घोषक त्यांनी आयुष्यात जवळ उभा केला नव्हता.

"बरं. चला, बसा. घाई नको. होडी कुठे जात नाही."

टक् टक्.

"आता काय राहिलं?"

अण्णा पुढे झुकले. नुसत्या ओठांनी, एकेक शब्द सुटा करून म्हणाले. भिंगरीनं त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि डोळे बारीक केले.

"तुमचं सोडून?"

टक् टक्.

"तुमच्याकडे साबण?"

टक् टक्. हे जरा जोरात. धाकटा दचकला.

"आजोबा, नीट सांगा ना."

अण्णांनी पाटी ओढली, लिहिलं आणि तिच्यापुढे धरली. भिंगरीनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि तिथेच अडली. "ही जोडाक्षरं आहेत," ती म्हणाली. "आमच्या बाईंनी अजून शिकवली नाहीत. तुम्ही आधीच कशाला लिहिता?"

अण्णांनी पाटीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला वाटलं होतं त्यातलं काहीच नव्हतं. गाडी चुकीच्या फलाटावर लागली की स्थानकप्रमुखाकडे बघावं, तसं ते बघत होते. हे असं चालायचं नाही, एवढंच.

ते उठले आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. चष्मा पुसला. मुकादमाची खिडकी उघडली. माझ्यासारखं शोधत बसले नाहीत. थेट हो_हेच. कट्. पुढे टिक उमटली. मग बाण धरून त्याला खाली, सगळ्यात तळाशी नेलं, जिथे कुणी त्याच्या डोक्यावर बसू शकणार नाही. 'लागू करा'. जाता जाता त्यांनी अजून कुठलीशी एक टिक काढली, आणि आकाशातली गाय खाली येऊन गवत खायला लागली. म्हणजे इतके दिवस त्यांना हे जमत होतं, आणि ते माझी मजा बघत होते.

भिंगरी टोपलीतून बाहेर आली, केरसुणी घेऊनच. अण्णांनी तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि माउस तिच्या हाताखाली दिला. ती नदीकाठी गेली. होडीवाला वल्हं टेकून उभा होता.

तो खाकरला.

अण्णांची पाठ ताठ झाली. गळ्यावरचं फडकं त्यांनी नीट केलं, जणू समोर माइक आहे. आणि होडीवाला बोलायला लागला तसे त्यांचे ओठही हलायला लागले, त्याच्या बरोबरीनं, ना पुढे ना मागे.

"चला, बसा. घाई नको. होडी..." इथे अण्णांनी बोट वर केलं, "...तुम्हाला सोडून कुठे जात नाही."

भिंगरी स्क्रीनकडे बघत नव्हती. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग तिनं तेच म्हटलं, सगळं, मधल्या थांब्यासकट. टेबलावर अंगठी वाजली. एक टक्.

"छत्री घेतलीत ना?" होडीवाला म्हणाला, आणि अण्णांचे ओठ म्हणाले.

"घेतली," भिंगरी अण्णांना म्हणाली.

नदी निम्मी पार झाली. पाणी शांत होतं, कालही होतं. तिनं माउस सोडला, स्क्रीनवरच्या माणसाकडे जरा वेळ पाहिलं, मग आजोबांकडे, मग त्यांच्या गळ्यावरच्या फडक्याकडे. अण्णांचं बोट अजून हवेतच होतं. ती स्टुलावरून माझ्याकडे वळली. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून असेल, तिनं आवाज अगदी बारीक केला होता.

"आई, होडीवाल्याला माहितीये का, आजोबांना आता बोलता येत नाही ते?"